मौजे कोल्हार येथील झोपेची फत्ते

श्रीप्रवरामाई समर्थ.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, चैत्र मासी, कालव्यास आवर्तन सुटले असता आणि चिंचेस नवा पाला फुटला असता, प्रवराकाठी मौजे कोल्हार, जिल्हा अहिल्यानगर ऊर्फ कदीम अहमदनगर, येथे जी थोर मोहीम जाहली तिची ही हकीकत. राजेरजवाड्यांच्या लढाया बहुतांनी लिहिल्या. कोणी किल्ला घेतला, कोणी किल्ला सोडला, कोणाची घोडी कोणत्या नदीचे पाणी प्याली, हे सर्व दप्तरी नमूद आहे. परंतु एका बाईस दुपारची झोप मिळावी म्हणून तमाम वस्ती कशी खपली, हे लिहून ठेवावे ऐसे एकाही शहाण्यास वाटले नाही. सबब ते काम आम्हांवर आले. आम्ही कोणाचे मिंधे नाही. ज्याने पराक्रम केला त्याचे लिहू आणि ज्याने घोरण्याखेरीज काही केले नाही त्याचेही लिहू. ज्याच्या तोंडी जो शब्द होता तो तसाच ठेवू, कारण कोल्हारच्या माणसाचे बोलणे शुद्ध करण्याची आमची छाती नाही.

मोहिमेचे मूळ कारण राजेश्वरीताई. यांचे वडील सहादेवआण्णा, कोल्हारच्या मळ्याचे धनी. ताई दिल्या बेलापुरास, कल्याणराव यांचे घरी, किराणा मालाचे दुकान. घर चांगले, माणसे चांगली, परंतु सासूबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत, आणि मग कित्येक वर्षे अंथरुणावरच होत्या, आणि वेळी-अवेळी ताईंस हाक मारीत. हाक आली की ताई उठत, पाणी देत, कूस वळवीत, पांघरूण सारखे करीत, आणि पाठ टेकावी तो पुन्हा हाक येई. ताईंनी कधी कुरकुर केली नाही. गेल्या दिवाळीच्या आधी सासूबाई निवर्तल्या, आणि मग आप्तस्वकीयांनी येऊन सांगितले की बाई, बहुत केलेस, आता स्वस्थ झोप. ताई निजावयास गेल्या, आणि तेव्हापासून त्यांस झोप नाही. डोळा लागे, दचकून उघडे, आणि मग उजाडेपावेतो जाग नामे गनीम उशाशी ठाण मांडून बसे. दवाखाने जाहले, गोळ्या जाहल्या, जायफळ उगाळून जाहले, तळपायांस काशाची वाटी घासून जाहली. गनीम हटेना. वजन उतरले, आमटीत मीठ दोनदा पडू लागले, आणि शिमग्याच्या सुमारास ताई दुकानाच्या पायरीवर भोवळ येऊन पडल्या. डॉक्टरांनी कल्याणरावांस बाजूस घेऊन बजाविले की या बाईंस झोप लागली पाहिजे, नाहीतर या अंथरूण धरतील. हे वर्तमान कोल्हारास आले तेव्हा आण्णा जेवत होते. ऐकून ताट सारले आणि उठून वावरात गेले.

आता सेनापतींचे वर्णन. आण्णांचे चिरंजीव अजिनाथराव, टेम्पोचे मालक. त्यांचे कुटुंब पंकजाबाई, योगविद्येत निष्णात, नाशकास राहून पदविका मिळविलेल्या. यांनी मळ्यातील थोरल्या चिंचेखाली निसर्ग-विश्रांतियोगाचे शिबिर मांडिले होते. विश्रांतियोग म्हणजे काय, ते सांगतो. साध्या योगात मनुष्य पाय उचलून डोक्यामागे नेतो आणि पस्तावतो. विश्रांतियोगात लोड, उशा आणि घोंगड्या यांच्या आधारे मनुष्यास ऐसे रचून ठेवितात की त्याने काहीएक करू नये. या विद्येविषयी गावात मतभेद होते. कित्येकांचे म्हणणे पडले की हे तर आमचे चुलते जन्मभर पारावर करीत आले, त्यांस कोणी पदविका दिली नाही. पंकजाबाईंनी असल्या बोलण्याची तमा बाळगिली नाही. नणंदेची अवस्था ऐकताच त्यांनी कंबर बांधिली आणि व्हॉट्सॲपवर खलिता सोडिला तो येणेप्रमाणे: शुक्रवार ते रविवार चिंचेखाली छावणी पडेल, पूर्ण मौन राहील, रानात हिंडून रानभाज्या आपल्या हाते खुडून त्यांचेच भोजन होईल, आणि ताईंस निजविल्याविना छावणी उठणार नाही.

खलिता पोहोचताच कुमक आली. श्रीरामपुराहून यशोधराबाई आल्या, ताईंच्या शाळेपासूनच्या मैत्रीण, बँकेत अधिकारी, रजा टाकून आल्या. शिर्डीहून सुरेखाबाई आल्या, पंकजाबाईंच्या मावसबहीण, हारप्रसादाच्या दुकानाच्या मालकीण, ज्यांचा आवाज गर्दीच्या वारी स्टँडपावेतो जातो ऐशी ख्याती. आणि कल्याणराव मोटारसायकलवर ताईंस घेऊन आले, त्यांची पिशवी उतरविली, आणि पंकजाबाईंस एवढेच बोलिले, "वहिनी, झोपली की मला एक फोन करा." मग दुकान उघडायचे होते म्हणून माघारी फिरले. फाटकापाशी थांबून त्यांनी दोनदा मागे पाहिले हे आम्हांस ठाऊक आहे.

शुक्रवारी दोन प्रहरी पहिली लढाई जाहली. पंकजाबाईंनी मौनाचा हुकूम फर्माविला आणि त्याचा बंदोबस्त अजिनाथरावांकडे दिला. अजिनाथरावांनी टेम्पो बांधापलीकडे नेऊन उभा केला, कुत्र्यास भाकरी दाखवून नदीकडे नेले, मोर हाकलिले, आणि एक वासरू हंबरत होते त्यास आईपाशी सोडिले, जेणेकरून दुधाचा तोटा जाहला तरी शांततेचा होऊ नये. सहादेवआण्णांस काहीच नवे करावे लागले नाही. आण्णा मौनाचे वतनदार. सून घरात आली तेव्हापासून तिने त्यांचे जे बोलणे ऐकिले ते सारे मिळून एका पोस्टकार्डावर मावेल. मग तिघीजणी सतरंज्यांवर आडव्या जाहल्या, गुडघ्यांखाली लोड गेले, डोळ्यांवर पट्ट्या आल्या, आणि पंकजाबाईंनी नाशकाहून आणिलेला काशाचा वाडगा लाकडी दांड्याने वाजविला.

पहिल्याच ठोक्यास सुरेखाबाई पडल्या, आणि ऐशा घोरू लागल्या की अजिनाथराव पुन्हा मोर आले म्हणून काठी घेऊन धावले. दुसऱ्या ठोक्यास यशोधराबाई गेल्या. मग सेनापती पंकजाबाई, वाडगा हाती असता, फौजेचे नेतृत्व करीत असता, बसल्या जागी पेंगल्या. जागी राहिली ती एकटी जिच्यासाठी हे सर्व. ताईंनी पट्टी वर केली आणि चिंचेचा पाला पाहत पडून राहिल्या. विहिरीवरची मोटर तेवढी एकसुरी घूं करीत होती. बहुत वेळाने त्या घूंमध्ये ताईंच्या पापण्या जड जाहल्या आणि डोळे मिटले. तो आण्णा बांधावरून आले. लेकीचे डोळे मिटलेले पाहून त्यांचे मन भरून आले. मोटरीच्या आवाजाने ही उठेल ऐसे त्यांच्या मनात आले, आणि मग कालव्याचे पाणी चार दिवसांचे, थ्री फेज वीज घटकाभराची, कांदा तहानलेला, हे कशाचेही न पाहता आण्णा चपला काढून अनवाणी विहिरीवर गेले आणि स्टार्टर बंद केला.

घूं थांबली. मळा चिडीचूप जाहला. आणि ताई ताडकन उठून बसल्या आणि बोलिल्या, "आले, आले, उठू नका तुमी."

कोणी हाक मारिली नव्हती. आण्णा स्टार्टरपाशी हात तसाच ठेवून उभे राहिले. ताईंनी इकडेतिकडे पाहिले, मग त्यांस कुठे आहोत ते उमगले, मग ओशाळून हसल्या. त्या हसण्याचे आम्हांस बहुत वाईट वाटले.

शनिवारी प्रातःकाळी मसलत बसली. पंकजाबाईंचे मत पडले की शरीर दमले पाहिजे, पायांस माती लागली पाहिजे, आणि पोटात रानाचा पाला गेला पाहिजे. चैत्रात रानात काय मिळते, तर भिजल्या वावरात घोळ, बांधाच्या कडेने पाथरी, चिंचेचा कोवळा चिगूर, शेवग्याची फुले. हे खुडून आणिले आणि भाकरीशी खाल्ले म्हणजे झोप पायांपाशी येईल. मौन कायम. मग टोपल्या, पिशव्या आणि कात्र्या घेऊन फौजेने कूच केले. बिनीवर पंकजाबाई, मधोमध ताई, पिछाडीस सुरेखाबाई, ज्यांस मौनामुळे सकाळपासून मळमळत होते.

पहिला मुलूख रंभाजींचा. रंभाजी आणि त्यांच्या पत्नी भिमाबाई हे आण्णांचे बांधाशेजारी, फ्लॉवर-कोबीचे बागाईतदार, दिलाचे मोठे आणि आवाजाचेही. रंभाजी पाटाला दारे धरीत होते. त्यांनी मान वर करून पाहिले तो सहादेवआण्णांची सून, आण्णांची माहेरवाशीण लेक आणि दोन परगावच्या पाहुण्या आपल्या बांधावर वाकून तण खुडीत आहेत. रंभाजींच्या काळजाचे पाणी जाहले. ते ओरडिले, "सूनबाई, आवो हे काय चालवलंय? तण कशाला उपटता? माझ्या वावरात फ्लॉवर हाय की!"

पंकजाबाई मौनात. त्यांनी हातातील घोळ दाखविली, मग पाची बोटे जुळवून तोंडाशी नेली, म्हणजे ही खावयाची आहे. रंभाजींनी त्याचा अर्थ लाविला की घरात खावयास काही नाही. शंकेस जागा नको म्हणून त्यांनी ताईंकडे पाहिले. ताईंचे डोळे खोल गेलेले, गाल बसलेले. ताईंनीही, नियम पाळावा म्हणून, तशीच बोटे तोंडाशी नेली. मग काय. रंभाजींनी फावडे टाकिले आणि घराकडे तोंड करून हाक दिली, "भिमाऽ, पळ! आण्णाची लेक माहेरी आलीया अन् घरात दाना न्हाई गं! लाजंनं बोलाया बी येईना तिला!"

भिमाबाई आल्या त्या पदर खोचून आल्या. त्यांनी चौघींच्या हातातील घोळ हिसकून शेळीपुढे टाकिली आणि चौघींस ओट्यावर नेऊन बसविले. चहा आला. चहा घेतल्याशिवाय सोडायचे नाही हा या मुलखाचा कदीम कायदा, त्यास बादशहाची सनद लागत नाही. चहावर पोहे आले, पोह्यांवर पुन्हा चहा आला. पंकजाबाई जो जो हातवारे करून नको म्हणत तो तो बशी भरे, कारण नको म्हणणारा पाहुणा लाजत असतो हे सर्वांस ठाऊक आहे. निघतेवेळी पिशव्यांत फ्लॉवर आणि कोबी यांचा भरणा जाहला.

खबर त्यांच्यापुढे दौडत गेली. पुढल्या बांधावर त्या पोहोचण्याआधी टोमॅटोचे क्रेट उभे होते. त्यापुढल्या वस्तीवर दुधी भोपळे घेऊन म्हातारीकोतारी वाटेत ठाकली होती. सर्वत्र चहा. सर्वत्र ओटा, सतरंजी, आणि डोक्यावरून हात फिरविणे. सुरेखाबाईंस एकदा पाथरीचा गड्डा नजरेस पडला, त्या वाकल्या तो कोणी तरी त्यांच्या ओटीत काकड्या घातल्या. शेवटी माल उचलेना, तेव्हा अजिनाथरावांस टेम्पो घेऊन बोलाविणे पाठविले. टेम्पो वाटेने भरत भरत आला. छावणीत उतरवून पाहिले तो भाजीपाल्याचा ढीग एका आडतीस पुरेल एवढा, आणि रानभाजी म्हणावी तर सुरेखाबाईंच्या चपलेस चिकटलेले घोळीचे एक पान. इतकी दाणादाण दुष्काळातही कोणा फौजेची जाहली नसेल. पंकजाबाई लोडावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आले. ताईंनी उठून त्यांस पाणी दिले, आणि भाजी कुजेल म्हणून वेगवेगळी करू लागल्या. ज्यांस विसावा द्यावयाचा त्याच कामास लागल्या, हे पाहून पंकजाबाई अधिकच रडल्या.

इतक्यात भिमाबाई आमटीचे पातेले घेऊन, मागे वस्तीवरच्या चारदोन बाया घेऊन, मदतीस हजर जाहल्या. तेव्हा पंकजाबाईंनी मौन मोडिले. त्या बोलिल्या, "मावशी, घरात सगळं हाय ओ! ताईंना झोप येत न्हाई. त्यासाठी घोळ पाहिजे हुती, दुसरं काई नको हुतं."

भिमाबाईंनी पातेले खाली ठेविले. त्या बोलिल्या, "आगं मग आदी बोलायचं न्हाई का? मुक्यावानी काय बोटं दाखवत बसली?" मग दोन्ही पक्षांत बोलणे होऊन तह ठरला. घोळ आणि चिगूर भिमाबाई पाटीभर देतील, परंतु पाहुण्यास नुसते तण वाढले ऐसा बोल लागू नये म्हणून संगे फ्लॉवरही शिजेल. भाजी भिमाबाई स्वतः करतील, लसूण त्यांच्या घरचा. आणि मौन उठेल. या शेवटल्या कलमावर पंकजाबाईंनी पुष्कळ ताणून पाहिले. भिमाबाई एवढेच बोलिल्या, "मुक्यानं भाजी निवडायची सवं न्हाई आमाला. त्ये जमायचं न्हाई." पंकजाबाईंस कौल द्यावा लागला.

मग दोन प्रहर टळले असता चिंचेखाली गोल बैठक पडली. मधोमध घोळीचा आणि चिगुराचा ढीग. ताईंनी निवडावयास जुडी उचलिली ती भिमाबाईंनी हातातून काढून घेतली. बोलिल्या, "तू माहेरी आलीया. टेक तितं." ताई लोडास टेकल्या. आणि बाया बोलू लागल्या. कोणाच्या लेकीचे जमले, कोणाचे मोडले, कोणाच्या म्हशीने कासंडी उलथविली, कोणी सून आणिली ती सकाळी उठत नाही, कोणी आणिली ती फारच लवकर उठते आणि भांडी आपटते. भिमाबाईंनी आपल्या भाच्याच्या लग्नाची हकीकत काढिली, ज्यात वरातीचा डीजे रेल्वेच्या पुलाखाली अडकला आणि नवरदेवास टायरमधील हवा काढावी लागली. सर्व बाया हसल्या. सुरेखाबाई हसता हसता सहज वळल्या आणि त्यांचा हात जागीच थबकला.

ताई झोपल्या होत्या. मान एकीकडे कललेली, तोंड किंचित उघडे, हातात घोळीची एक काडी.

पंकजाबाईंस धन्य धन्य वाटले. आणि येथे सेनापतीच्या हातून ती चूक जाहली जी शिकलेल्या सेनापतीच्याच हातून होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मौनाचा हुकूम फर्माविला. सर्व बाया जागच्या जागी गप्प जाहल्या. चिंचेचे पान पडले तर ऐकू यावे ऐसी शांतता पसरली. आणि ताईंच्या भुवया आकसल्या, पापण्या हलू लागल्या, हात उठून शेजारच्या सतरंजीवर काही चाचपू लागला, जसे कोणाचे पांघरूण शोधीत आहेत.

तेव्हा यशोधराबाईंस उमगले. ताईंची जन्माची मैत्रीण, त्यांसच उमगावयाचे. घर शांत जाहले म्हणजे हाक येणार, ऐसे ताईंच्या कानांस इतकी वर्षे शिकविलेले. शांततेत ताई पहारा देतात. चार माणसे बोलत असली म्हणजे कोणीतरी जागे आहे, आणि कोणी जागे असले म्हणजे ताईंस जागावे लागत नाही. काल मोटरीच्या घूंमध्ये डोळा लागला आणि आण्णांनी मायेने ती बंद केली, तेव्हाही हेच घडले. एवढे सर्व यशोधराबाईंच्या ध्यानी एका क्षणात आले आणि त्या अधिकाऱ्याच्या करड्या आवाजात बोलिल्या, "थांबू नका! बोला! सगळ्याजणी बोला, काहीही बोला!"

भिमाबाई गोंधळल्या, परंतु हुकूम त्यांच्या स्वभावास धरून होता. त्यांनी तत्काळ डीजे पुन्हा पुलाखाली घातला. ताईंचा हात थांबला, भुवया सैल जाहल्या, श्वास पुन्हा लांब जाहला. आणि येथून ती लढाई सुरू जाहली जी आजवर कोणा फौजेने लढली नसेल. सर्वांनी मिळून बोलावयाचे, अखंड बोलावयाचे, आणि खंड पडू द्यावयाचा नाही.

भिमाबाईंचा भाचा आटोपला, मग पुतण्या आला, मग त्या पुतण्याची मेव्हणी. घोळ निवडून संपली तरी बाया रिकामे हात चालवीत बोलत राहिल्या. गुरे धारेस आली तेव्हा वस्तीवरच्या बाया नाइलाजाने उठल्या, आणि भिमाबाई चुलीकडे गेल्या, कारण तहाप्रमाणे भाजी त्यांची. मग सुरेखाबाई पुढे सरसावल्या. त्यांनी दुकानावरची ललकारी हळू आवाजात चालविली, "या मावशी, हार घ्या, फूल घ्या, चपला इतं ठेवा," आणि तीच ती म्हणत राहिल्या, तो त्यांचा घसा बसला. यशोधराबाईंनी खातेदाराचे केवायसी कसे होते ते सांगण्यास घेतले, त्याने ताईंची झोप गाढ जाहली खरी, परंतु सुरेखाबाईही लवंडल्या आणि एक भिडू कमी जाहला. अजिनाथराव मोटर लावावयास धावले, तो थ्री फेज गेलेली. त्यांनी मोबाईलवर भजन लाविले, तो मधूनच एक गृहस्थ ओरडून कर्ज देऊ लागला, ताई दचकल्या, आणि मोबाईल उशीखाली दडपावा लागला. पंकजाबाईंनी प्राणायामाचे सर्व प्रकार सांगितले, ते संपले, मग पुन्हा उलट्या क्रमाने सांगितले. ऊन उतरले. यशोधराबाईंस खोकल्याची उबळ आली आणि त्या तोंड दाबून बांधापलीकडे गेल्या. पंकजाबाईंच्या मुखी शब्द उरेना.

बुंध्यास पाठ लावून सहादेवआण्णा बसले होते. पंकजाबाईंनी हात जोडिले. "मामा, आता तुमी बोला."

आण्णा घाबरले. आम्ही लिहितो ते खरे आहे, वाघ पाहून न डगमगणारा गृहस्थ घाबरला. बोलिले, "म्या काय बोलू?"

"काईबी बोला, मामा. ताई उठत्यात बघा."

ताईंचा हात पुन्हा सतरंजी चाचपू लागला होता. आण्णांनी एकदा खाकरून घशात साचलेली वर्षे बाजूस सारिली आणि बोलण्यास आरंभ केला. विहीर खणिली ते सांगितले, खडक कोठे लागला, सुरुंग कोणी लाविला. मग बैल सांगितले, कोण कसा होता, कोण मारका, कोण पाण्यास भीत असे. मग बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडावयास गेले ते सांगितले. शब्द आधी अडखळत आले, मग पाटाचे पाणी वळावे तसे आले. पण पाट किती जरी वाहिला तरी विहिरीस तळ आहे. बैल संपले आणि आण्णा थांबले. शांतता पुढे सरकली. ताईंच्या पापण्या थरथरल्या. आण्णांनी घाईने, तोंडास जे आले ते, पारखून न पाहता बोलून टाकिले. ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"राजी, म्या दर बाजाराला बेलापूरला येत हुतो. बाजार हितंबी भरतो, पन म्या तिकडं यायचो. तुज्या दारापत्तुर यायचो. तू आत सासूबाईला भरवीत असायची, न्हाईतर त्यांचं धुनं पिळीत असायची. म्या उंबऱ्यापासनंच बगायचो अन् माघारी फिरायचो. हाक मारली असती तर तू उटली असती, च्या टाकला असता. म्हनलं, पोरीला आनिक एका कपाचं काम नको."

पंकजाबाईंनी पदर डोळ्यांस लाविला. ज्या मुलखात चहा घेतल्याविना परक्यासही दारातून सोडीत नाहीत, त्या मुलखात हा बाप इतकी वर्षे लेकीच्या दारातून तसाच माघारी गेला आणि कोणास त्याचा सुगावा लागला नाही. लिहिताना आमचाही हात थांबला, हे कबूल करितो.

आण्णा मात्र थांबले नाहीत, कारण थांबता येत नव्हते. त्यांनी पुढे सांगितले की रिकाम्या हाते घरी यावे तर घरचे विचारतील बाजाराला कशास गेलात, म्हणून दर खेपेस एक दावे नाहीतर कासरा विकत घेत. अजिनाथरावांनी पडवीकडे पाहिले. पडवीत खुंटी-खुंटीला दाव्यांची भेंडोळी लटकत होती, एवढी की जनावरे दसपट असती तरी पुरून उरती. हे कशाचे म्हणून कैक वर्षे घरात कोडे होते ते उलगडले. आण्णा दोरांच्या जाती सांगू लागले, घायपाताचा कोणता, नायलॉनचा कोणता, कोणता हात कापतो. दिवस कलला, पाखरे चिंचेवर आली, चुलीवर लसणाची फोडणी बसली आणि तिचा वास मळाभर जाहला.

त्या वेळी ताईंनी डोळे उघडिले.

ताई जाग्या जाहल्या की तत्काळ उठणार, पदर सारखा करणार आणि विचारणार की कोणास काय पाहिजे, हा त्यांचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. ताईंनी चिंचेकडे पाहिले, बापाकडे पाहिले, जे काथ्याच्या दोराविषयी बोलत होते. हातातील काडी बाजूस ठेविली. पाय ताणून लांब केले, लोडास नीट टेकल्या आणि बोलिल्या, "आण्णा, लई भूक लागलीया मला." मग क्षणभर थांबून, बसल्या जागेवरून न उठता, त्यांनी आपल्या आयुष्यातील पहिले फर्मान सोडिले. ते एका शब्दाचे होते.

"वाढा."

त्यासरशी भिमाबाई परातीसह धावल्या, पंकजाबाई ताटासह धावल्या, यशोधराबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, आणि सुरेखाबाई काय जाहले ते न समजता, निजेतून उठून नुसत्याच धावल्या. घोळ वाढिली, चिगुराची चटणी वाढिली, तहाप्रमाणे फ्लॉवर वाढिला, भाकरीवर भाकरी पडली. ताई बसून जेवल्या. कोणी किती घेतले, कोणास कमी पडले, हे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

येणेप्रमाणे मौजे कोल्हारी फत्ते जाहली, ती आम्ही गावच्या समक्ष दप्तरी नमूद करितो. शिकस्त जाग नामे गनिमाची. तो समूळ बुडाला ऐसे आम्ही लिहीत नाही, कारण ऐसा गनीम पुन्हा पुन्हा सीमेवर येत असतो. सबब मुलखाचा कायमचा बंदोबस्त ठरला तो ऐसा: ताई बेलापुरास परतल्या, आणि आता नित्य जेवणे उरकली की कोल्हारहून तेथे फोन लागतो. कल्याणराव तो ताईंच्या उशापाशी ठेवून देतात. इकडे सहादेवआण्णा पडवीत बसून विहिरीची हकीकत पहिल्या कुदळीपासून सुरू करितात, आणि खडक लागण्याच्या आसपास पलीकडून उत्तर येईनासे होते. तरी आण्णा लगेच फोन ठेवीत नाहीत. सुरुंग उडून पाणी लागेपावेतो बोलत राहतात.